सेकंड हँड लक्झरी सेडान घेऊन राहिले काय? आधी बोनेटवर हात ठेवा

मागच्या दिवाळीपासून आमच्या साडूंनी एकच धून लावली आहे, जर्मन गाडी पाहिजे. नवी नाही, जुनी, पण चकाचक. रोज रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, "साडूभाऊ ही पाहा, २०१६ ची, फर्स्ट ओनर, फक्त ५४ हजार चालली, डॉक्टरची गाडी आहे." नागपुरात जितक्या गाड्या डॉक्टरच्या म्हणून विकल्या जातात तितके डॉक्टर धंतोली आणि रामदासपेठ मिळूनही निघणार नाहीत. असो. त्यांच्यासोबत आतापर्यंत अकरा गाड्या पाहून झाल्या, त्याआधी स्वतः एक घेऊन हात पोळून झालेले आहेत, म्हणून म्हटलं जे समजले ते एकदा लिहूनच काढतो, रोज रोज फोनवर कोण सांगत बसेल.

सगळ्यात आधी हिशोब. नवी असताना ४५-५० लाखांची गाडी आठ वर्षांनी १२-१४ लाखांत मिळते, तेवढ्यात नव्या क्रेटाचे मधले मॉडेल येते, त्यामुळे माणसाचे डोके फिरते, ते समजू शकतो मी. पण गाडीची किंमत पडली, पार्टची नाही पडली. हेडलाइट फुटला तर तो ५० लाखांच्या गाडीचाच हेडलाइट आहे, तुम्ही १२ लाखांत घेतली म्हणून कोणी तो स्वस्तात देणार नाही. म्हणून माझा नियम असा आहे की १४ लाख हातात असतील तर गाडी ११ च्या आसपासची पाहायची आणि बाकीचे पैसे पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवून द्यायचे, बायकोला सांगून ठेवा म्हणजे मधातच दुसऱ्या कामाला लागणार नाहीत. आणि जो पूर्ण १४ लाख गाडीतच घालून लोन वरून काढतो त्याला मी हात जोडतो, त्याची गाडी कितीही चांगली असो, दोन वर्षांत अंगणात कव्हर टाकून उभी राहते.

आता लोक विचारतात कोणती कंपनी भरवशाची, बीएमडब्ल्यू का मर्सिडीज का ऑडी. माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे भाऊ. कंपनी नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स विचारा, आणि वर्ष विचारा. एकाच नावाच्या गाडीत एक इंजिन सोन्यासारखे आणि एक डोकेदुखी असे असते.

बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी मध्ये एन४७ नावाचे डिझेल इंजिन होते, त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे चेन बदलायची झाली तर गिअरबॉक्स उतरवा नाहीतर इंजिन बाहेर काढा, चेन राहिली बाजूला, मजुरीनेच माणूस खलास. चेनचा त्रास मुख्य करून २००७ ते २०११ च्या दरम्यान बनलेल्या इंजिनांत जास्त निघाला, नंतरच्यांत सुधारणा झाली, आणि २०१५ च्या आसपास त्याच्या जागी बी४७ आले. म्हणून २०१६ नंतरची ३२०डी असेल तर मी थोडा निवांत असतो. पण चेन त्यातही मागेच आहे बरं, म्हणून आवाज ऐकायचा म्हणजे ऐकायचा. पेट्रोल ३२८आय घेऊन राहिले असाल तर त्यातल्या एन२० इंजिनच्या चेन गाइडचे प्लास्टिक झिजते, साधारण २०१५ च्या आधीच्यांत, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मर्सिडीजच्या जुन्या सी क्लासमध्ये, डब्ल्यू२०४ म्हणतात ती, पेट्रोल एम२७१ इंजिनची चेन ताणते आणि कॅमच्या गिअरचे दात खाऊन टाकते. ऑडी ए४ च्या साधारण २००९ ते २०१२ च्या टीएफएसआय पेट्रोल इंजिनांत पिस्टन रिंगमुळे ऑइल पिण्याची सवय होती. ऑडी-फोक्सवॅगनवाले हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल चालते म्हणतात, त्यांना चालते, आपल्याला नाही चालत, नागपूरहून पुण्याला जाऊन यायचे आणि वाटेत ऑइलचा डबा डिक्कीत घेऊन फिरायचे काय? त्याच काळातल्या फ्रंट व्हील ड्राइव्ह ए४ मध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स यायचा, तो कंपनीनेच पुढे बंद केला, तो असेल तर गाडी फुकट दिली तरी मी दोनदा विचार करीन. स्कोडा सुपर्बला लक्झरी म्हणायचे की नाही यावर भांडणे होतात, पण १.८ टीएसआय मध्ये डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सात गिअरचा ड्राय क्लचवाला आहे आणि डिझेलमध्ये सहा गिअरचा वेट क्लच, म्हणजे ऑइलात बुडून थंड राहणारा, आपल्या ४५ डिग्रीच्या गावात आणि सीताबर्डीच्या ट्राफिकमध्ये मी वेट क्लचवालाच घेईन.

आणि ज्याला खरेच कटकट नको त्याने टोयोटाची कॅमरी हायब्रिड पाहावी. शान थोडी कमी, पण झोप चांगली लागते. तिच्यात फक्त एक पाहायचे, मागच्या सीटजवळ हायब्रिड बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते ती धुळीने भरली आहे काय. बॅटरी गरम झाली की तिचे आयुष्य कमी होते आणि इथे उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. साडूंना हे सांगितले तर म्हणाले, "कॅमरी घेतली तर लोक टॅक्सी समजतील." बरं.

आता गाडी पाहायला जाणे. दोन वेळा जायचे, एकदा सकाळी अगदी लवकर आणि एकदा भर दुपारी. सकाळचे काऊन ते सांगतो. इंजिन रात्रभर थंड झाले की सगळे ऑइल खाली उतरलेले असते, पहिल्या सेल्फला चेन, ती ताणून धरणारा टेन्शनर, इंजेक्टर, सगळ्यांचे खरे रूप त्या तीन-चार सेकंदांत कळते. गरम इंजिन खोटे बोलते. म्हणून मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे की भाऊ, मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका.

त्रिमूर्ती नगरात एक पाहायला गेलो होतो, सकाळचे पावणेसात, थंडीचे दिवस. गाडी धुऊन पुसून तयार, मालक हसत उभे, चहा घेता काय म्हणून विचारणे सुरू. मी काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवला. गरम. नुसते कोमट नाही, पोळीच्या तव्यावरून हात फिरवल्यासारखे. म्हटलं, "काका, आत्ताच कुठे जाऊन आले काय?" तर म्हणतात, "नाही नाही, जरा बॅटरी चार्ज व्हायला सुरू ठेवली होती." बॅटरी. साडू मला कोपराने ढोसून राहिले की जाऊ द्या ना, एवढी चांगली गाडी आहे. मी चहा घेतला, पोहे पण घेतले, आणि म्हटलं उद्या परत येतो, उद्या सुरू नका करू. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो, बोनेट बर्फासारखे. बटन दाबले आणि मागून, डॅशबोर्डच्या पलीकडून, डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखड आवाज, मोजून चार सेकंद, मग शांत. काका म्हणतात डिझेल आहे, थोडा आवाज करणारच. मी म्हटलं हो, आणि निघालो. हीच गाडी एक दिवस आधी पाहिली तशी घेतली असती तर तो आवाज बायको बाजूला बसलेली असताना पहिल्यांदा ऐकला असता.

तर सकाळी काय काय पाहायचे. बोनेट थंड. सुरू करताना एक जण आत, एक जण बाहेर बोनेटजवळ कान लावून, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, घरी येऊन शांतपणे ऐकता येते. पहिल्यांदा निघणारा धूर पाहा, निळा असेल तर ऑइल जळून राहिले, पांढरा धूर गोडसर वास देत राहिला आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट जळून राहिले, थंडीतली थोडी वाफ मात्र साधी असते, त्याला घाबरू नका. ऑइलचे झाकण उघडून आतून पाहा, चहाच्या सायीसारखे काही चिकटले असेल तर पाणी आणि ऑइल एक झाले असू शकते. डॅशबोर्डवरचे चेक इंजिन, एअरबॅग, एबीएसचे दिवे इग्निशन टाकल्यावर आधी पेटले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. जो पेटतच नाही त्याचा बल्ब किंवा वायर कोणीतरी मुद्दाम काढली आहे, आणि पेटणाऱ्या दिव्यापेक्षा न पेटणारा दिवा जास्त महागाचा पडतो.

दुपारची फेरी एसी आणि कूलिंगसाठी. मे महिना असेल तर अतिउत्तम. गाडी उन्हात एक तास उभी करा, मग एसी फुल, आणि ट्राफिकमध्ये घ्या, व्हरायटी चौक, मुंजे चौक, जिथे वाहन सरकत नाही तिथे. बऱ्याच गाड्यांचा एसी रस्त्यावर चालताना गार असतो आणि सिग्नलवर उभा राहिला की कोमट होतो, म्हणजे रेडिएटरचा पंखा किंवा कंडेन्सर गेलेला आहे. जर्मन गाड्यांत कूलंटचे पाइप, जॉइंट, एक्सपान्शन टाकी, थर्मोस्टॅटची बॉडी हे सगळे प्लास्टिकचे, युरोपातल्या हवेत बरीच वर्षे टिकते, इथे उन्हाने आणि इंजिनच्या गर्मीने ठिसूळ होऊन एक दिवस तडकते. कूलंट कमी झाले की लोक वरून बिसलेरी टाकतात. कूलंटचा रंग पाहा, नुसते पाणी दिसले तर समजून जा की ही गाडी कुठेतरी गळते आणि मालकाने जुगाडावर ओढली आहे.

आता पाण्याची गोष्ट, कारण नागपूरवाल्यांनी ही जास्त लक्ष देऊन ऐकायची आहे. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवते ना, १०० मिलिमीटरच्या वर पाऊस काही तासांत, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी फुगली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकर नगर, इथल्या घरांत पाणी आणि पार्किंगमध्ये गाड्या तरंगून राहिल्या होत्या. आणि ही काही गरिबाघरच्या गाड्यांची वस्ती नाही, तिथल्या पार्किंगमध्ये काय उभे असते ते तुम्हाला माहीत आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मग ती सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे भंगारभावात, विकली जाते, कोणीतरी उचलतो, सुकवतो, सीट धुतो, सेंट मारतो आणि ती फिरून बाजारात येते. कधी इथेच, कधी रायपूर, जबलपूर, अमरावती फिरून. आणि तशीच तिकडच्या पुरातली गाडी इथे येते.

मी जी घेतली होती ती अशीच होती, कंपनीचे नाव सांगत नाही, विकणाऱ्याचेही नाही. आठ महिने छान चालली. मग एक दिवस खिडक्या आपोआप खाली जायला लागल्या, मग पार्किंगमध्ये उभी असताना रात्री दोन वाजता हॉर्न, शेजारचे आजोबा काठी घेऊन खाली. गॅरेजवाल्या वस्तादाने ड्रायव्हरच्या सीटखालचे कार्पेट उचलले तर खाली फोमला हात लावला की पिठासारखी बारीक तांबडी माती, वाळलेली, नखात शिरणारी. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले. लक्झरी सेडानमध्ये कार्पेटखाली, सीटखाली, डिक्कीत, सगळीकडे कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचे छोटे कॉम्प्युटर, असतात, बऱ्याच गाड्यांत बॅटरी पण मागे डिक्कीत असते, एकदा का कनेक्टरमध्ये पाणी गेले की हिरवी बुरशी चढत जाते आणि दर महिन्याला एक नवे भूत निघते. वस्ताद म्हणाला, "भाई, इसको बेच दो, बनाओ मत." विकली, तोट्यात, आणि घेणाऱ्याला सगळे सांगून विकली.

म्हणून आता मी हे करतो. सगळे सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून काढतो, कारण बाहेर दिसणारा पट्टा धुतात पण आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कोणी धूत नाही, तिथे पाण्याची रेघ आणि माती राहते. डिक्कीतली मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालतो. सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारून रुळाचे बोल्ट पाहतो. ड्रायव्हरच्या पायाजवळच्या प्लास्टिक पट्टीखाली बोट घालून कार्पेट थोडे वर करतो, मालक नाक मुरडतो, मुरडू द्या. गाडीत खूप जास्त सेंट मारलेला असेल तर एसी बंद करून काच लावून पाच मिनिटे आत बसतो, ओल्या पोत्याचा वास मग वर येतोच. एक मात्र लक्षात ठेवा, ओले कार्पेट म्हणजे दरवेळी पूरच असे नाही. सनरूफवाल्या गाडीच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायच्या बारीक नळ्या असतात, गाडी कडुनिंबाखाली उभी असली की त्यात पाला अडकतो आणि पाणी छतातून पायाशी येते. ते वेळेवर धरले तर स्वस्तात निपटते, उशीर झाला तर तेही कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते.

मीटर. मीटर मागे करणे हा आता पाच मिनिटांचा धंदा झाला आहे, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या आकड्याला मी फक्त पहिला अंदाज धरतो. गाडी स्वतः जास्त खरे सांगते. ५४ हजार चाललेल्या गाडीचे स्टिअरिंग काचेसारखे गुळगुळीत होत नाही, ब्रेक पेडलचे रबर झिजत नाही, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चुरगळत नाही. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर, आता २०१६ ची ५४ हजारवाली गाडी तिसऱ्या सेटवर असेल तर गणित जुळवा. बीएमडब्ल्यूची चावी स्वतःत किलोमीटर साठवते, वर्कशॉपमध्ये वाचता येते, आणि बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स वगैरेच्या युनिटमध्ये आकडे लपलेले असतात, चांगला स्कॅनर ते काढून देतो. आणि सगळ्यात सोपे, मालकाला म्हणा चेचिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपची सर्व्हिस हिस्ट्री काढून द्या. ज्याने खरेच सांभाळली तो त्याच दिवशी पीडीएफ पाठवतो. ज्याला "पाहतो, कुठेतरी ठेवली आहे" म्हणायचे असते त्याचेही उत्तर मिळूनच जाते.

हिस्ट्रीत नुसते किलोमीटर नका पाहू, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले ते शोधा. बीएमडब्ल्यू म्हणते लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही, पण तो आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या मधात बदला म्हणते. मी झेडएफचे ऐकतो. ज्या मालकाने स्वतःच्या खर्चाने गिअर ऑइल बदलले त्याच्या गाडीला मी पन्नास-साठ हजार जास्त द्यायला तयार असतो.

विम्याची जुनी पॉलिसीही मागा. त्यात एनसीबीचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का असतो. २०, २५, ३५, ४५ करत ५० पर्यंत जातो, क्लेम घेतला की शून्य. मालक म्हणतो गाडीला ओरखडा नाही आणि एनसीबी शून्य, तर मग विचारायचे की काका, क्लेम कशाचा होता? तो आकडा मालकाचा असतो, गाडीसोबत तुमच्याकडे येत नाही, पण गोष्ट सांगून जातो.

टेस्ट ड्राइव्हला डीलर आपल्याला ठरलेला गुळगुळीत रस्ता दाखवतो, फुटाळ्याला एक चक्कर आणि परत. तसे नाही करायचे. मी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून एअरपोर्ट, मिहानकडे नेतो आणि येताना रिंग रोडला एखाद्या फुटक्या गल्लीतून स्पीड ब्रेकर घेत येतो. काच खाली, गाणे बंद, साडू गप्प. स्पीड ब्रेकरवर खट्ट आवाज आला तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, ही जुन्या गाडीत असणारच, घाबरायचे नाही पण भावात कापायचे. मोकळ्या रस्त्यावर हळू स्पीडवरून अॅक्सिलरेटर अचानक दाबा, गिअर पडताना झटका बसतो काय, किंवा इंजिन ओरडते आणि गाडी मागून येते असे होते काय. सिग्नलवर डीमध्ये ब्रेक दाबून उभे असताना स्टिअरिंग थरथरते तर इंजिन माउंटिंग. नंतर रिव्हर्स टाका, डी टाका, चार वेळा, प्रत्येक वेळी किती सेकंद लागतो मोजा. आणि जमत असेल तर मालकासोबत समृद्धीवर एक मोठी फेरी मारा, शिवमडक्याहून चढायचे, ही तर आपल्या दारातच आहे. तिथे स्पीड लिमिट १२० आहे, तेवढ्यावर स्टिअरिंग हलते काय, हवेचा आवाज एकाच दारातून येतो काय, येत असेल तर ते दार कधीतरी बदललेले किंवा ठोकलेले असू शकते.

डिझेल असेल आणि तिच्यात डीपीएफ, म्हणजे धुराच्या पाइपातला फिल्टर, असेल तर तो पाहा. हा फिल्टर काजळी गोळा करतो आणि ती जाळायला गाडीला लांब, एकसारखे चालावे लागते. धरमपेठेतून सदरला ऑफिस आणि परत, अशी चार किलोमीटर रोज चालणारी डिझेल सेडान म्हणजे फिल्टर भरलेलाच समजा. काही जण मग तो फोडून रिकामा करतात आणि कॉम्प्युटरला फसवतात, पाइपाच्या तोंडाला आतून बोट फिरवून पाहा, चालू फिल्टरच्या गाडीत काजळी जवळपास नसते, बोट काळेकुट्ट झाले तर दाल में काला. रोजचे चालणे दहा किलोमीटरच्या आत असेल तर मी म्हणीन पेट्रोलच घ्या, अॅव्हरेजच्या नादी लागू नका.

एवढे सगळे पास झाले की मग पैसे खर्च करून स्कॅनर आणि लिफ्ट. पाचशे रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर इंजिनचे बिघाडाचे कोड दाखवतो पण गिअरबॉक्स, एअरबॅग, सस्पेन्शनचे बरेच काही दाखवत नाही, म्हणून त्या ब्रँडचे सॉफ्टवेअर असलेल्या गॅरेजात न्या, ऑडी-स्कोडाला व्हीसीडीएस, मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा. एक चोरी अशी चालते की तुम्ही यायच्या आधी सगळे कोड उडवून टाकतात, म्हणून स्कॅनरवाल्याला विचारा कोड शेवटचे क्लिअर केल्यावर गाडी किती चालली. चाळीस किलोमीटर दाखवत असेल तर नमस्कार करून घरी या. लिफ्टवर खालून ऑइल कुठून पाझरते, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून की वरच्या गॅस्केटमधून वाहून आले आहे, ते मेकॅनिकला बोटाने दाखवायला लावा. मेकॅनिक डीलरचा नाही, तुमचा. आणि त्याला दोन-तीन हजार देताना तोंड वाकडे करू नका, अकरा लाखांच्या व्यवहारात हा सगळ्यात स्वस्त माणूस आहे.

कागदांचे थोडक्यात. एमपरिवहनवर नंबर टाकून कितवा मालक, हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवर बँकेचे लोन, आहे की नाही, विमा, पीयूसी पाहून घ्या, पेंडिंग चलान वेगळे पाहा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाही. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीची गाडी स्वस्त काऊन मिळते ते सगळ्यांना माहीत आहे, तिकडे १० वर्षांच्या डिझेलवर २०१५ मध्ये एनजीटीचा, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचा, आदेश आला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला, पुढे नियमांत कधी ढील कधी ताण होत राहिली, आणि लोकांनी घाबरून गाड्या बाहेर काढल्या. गाडी वाईटच असेल असे नाही, पण तिकडच्या आरटीओची एनओसी पाहिजे आणि महाराष्ट्राचा टॅक्स वयाप्रमाणे भरावा लागतो, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त दर, इम्पोर्टेड असेल तर आणखीनच. तो आकडा आधी आरटीओतून काढून मग स्वस्त की महाग ते ठरवा. आमच्या ओळखीतले एक जण दोन वर्षांपासून डीएल नंबरवर फिरून राहिले आहेत आणि प्रत्येक चौकात पोलीस दिसला की गल्ली पकडतात, लक्झरी गाडीत बसून.

भाव करताना एक मुद्दा वापरा, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के सरसकट झाला, सेस गेला, म्हणजे नव्या गाड्यांचा भाव खाली आला, मग जुनीचा जुन्या हिशोबाने काऊन द्यायचा? डीलरला हा प्रश्न आवडत नाही, म्हणून जरूर विचारा. बीएमडब्ल्यू रनफ्लॅट टायरवर असेल आणि टायर पाच वर्षांच्या वर झाले असतील तर चार टायरचे कोटेशन खिशात घेऊन जा, कारण त्या गाडीत बहुतेक वेळा स्टेपनी नसते आणि पंक्चर झाल्यावर ८० च्या स्पीडने साधारण ८० किलोमीटरच जाता येते, इथून निघाल्यावर तेवढ्यात काय येते ते नकाशात पाहा.

साडूंचे म्हणाल तर परवा बारावी गाडी पाहून आलो, मनीष नगरला, २०१७ ची पेट्रोल, ६८ हजार, एका रिटायर्ड बाईंची. बोनेट थंड होते, सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ, आणि त्यांनी सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका साड्यांच्या खोक्यात वर्षाप्रमाणे दोरीने बांधून ठेवल्या होत्या. रंग मात्र तपकिरी. साडूंना पांढरी पाहिजे.

शनिवारी लिफ्टवर चढवून राहिलो आहोत, रंगाचे मग पाहू.